साखरपुड्याची अंगठी: राउंड हिरा घ्यावा की एमराल्ड कट?

निशिगंध
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे आणि अंगठीपाशी घोडं अडलंय.

परवा लक्ष्मी रोडवर तीन दुकानं फिरलो आणि शेवटी दोन हिरे बाजूला काढून ठेवायला सांगितले. दोन्ही खाणीतले, दोन्हींना जीआयएचा, म्हणजे हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचा, दाखला. एक राउंड, म्हणजे गोल, ५० सेंट (अर्धा कॅरट), रंग जी, म्हणजे जवळपास पांढरा, क्लॅरिटी, म्हणजे आतली स्वच्छता, एसआय१. दुसरा एमराल्ड कट, म्हणजे लांबट चौकोनी, ६० सेंट, रंग एच, जीहून किंचित पिवळसर, क्लॅरिटी व्हीएस१, एसआयहून स्वच्छ. किंमत जवळजवळ सारखीच.

राउंड हातात घेतला की लखकन डोळ्यांत भरतो, प्रश्नच नाही. एमराल्ड शांत आहे. पण त्यात वरून वाकून पाहिलं तर एखाद्या बारवेच्या काठावर उभं राहून खाली उतरत गेलेल्या पायऱ्या बघतोय असं वाटलं. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. होणाऱ्या नवऱ्याला राउंडच आवडलाय. सासूबाईंनी एमराल्ड पाहून विचारलं, "यात चमक कमी आहे का गं?" आणि माझी आई फोनवर 'एमराल्ड' ऐकून म्हणाली, "पाचू कशाला? आधी पत्रिका दाखवून घेऊ."

मी दातांची डॉक्टर आहे. दिवसभर ग्लोव्हज घालायचे, काढायचे, हात धुवायचे. अंगठी रोज वापरायची आहे, लॉकरमध्ये ठेवायची नाही. ज्यांच्या बोटात यातला एखादा कट पाच-दहा वर्षं आहे त्यांनी अनुभव सांगाल का?

खडीसाखर
अभिनंदन! राउंड. डोळे मिटून राउंड. लग्नाच्या फोटोत चमकला पाहिजे.

माजघर
अभिनंदन निशिगंध. आईंना सांगा, हा हिरा पांढराच आहे, कापण्याची पद्धत तेवढी पाचूची. पाचू ठिसूळ, आत भेगा असलेलं रत्न. टोकदार कोपरे राहिले तर बसवताना उडतात, म्हणून चारी कोपरे छाटून, पायऱ्या-पायऱ्यांनी पैलू पाडायची रीत पडली. तीच पुढे हिऱ्याला वापरली आणि नावही चिकटलं.

ध्रुवपद
मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवत नाही. चमक कमी की जास्त, हा प्रश्न सासूबाईंनी बरोबर विचारलाय, फक्त 'चमक' या एका शब्दात दोन-तीन गोष्टी कोंबल्या गेल्यात.

हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ च्या आसपास आहे. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश आतल्या पृष्ठभागावर लंबाशी साधारण २४.४ अंशांपेक्षा जास्त तिरका आपटला की बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो. कारागिराची करामत एवढीच की वरून आलेला प्रकाश खालच्या दोन बाजूंवर आपटून पुन्हा वरच निघाला पाहिजे. खालचा कोन चुकला की प्रकाश तळातून निसटतो आणि हिरा मधोमध काचेसारखा दिसतो. मार्सेल टोलकोव्स्की या बेल्जियन अभियंत्याने १९१९ साली राउंडसाठी याचं गणित मांडलं: वरच्या भागाचा कोन ३४.५ अंश, खालचा ४०.७५. आजचे चांगले राउंड याच आकड्यांच्या आसपास असतात. एकूण पैलू ५७, अणकुचीदार तळालाही बारीक सपाटी दिली असेल तर ५८.

राउंडचे पैलू त्रिकोणी आणि पतंगाच्या आकाराचे, सगळ्या दिशांना तोंडं केलेले. हात जरा हलला की कुठला ना कुठला पैलू दिवा पकडतो, म्हणून सतत बारीक चमचम. एमराल्डचे पैलू लांब आणि एकमेकांना समांतर. त्यामुळे एक अख्खी पट्टी उजळते, शेजारची काळी राहते, आणि बोट वळवलं की अदलाबदल होते. तुम्हाला दिसलेली बारव ती हीच. प्रकाश तिथेही आहे, फक्त तो मोठ्या तुकड्यांत येतो.

खडीसाखर
ध्रुवपद, असं कुणी शाळेत शिकवलं असतं तर मी विज्ञान सोडलं नसतं.

रोखठोक
स्पष्ट बोलतो, राग नसावा. दोन्ही नको. तेवढ्या पैशांत सोनं घ्या. हिरा विकायला गेलात की कळेल, घेतल्या भावाच्या निम्मेही हातात पडत नाहीत. आमच्या घरात हे घडलंय. बहिणीला अडचणीत दागिना मोडायची वेळ आली, सोन्याचे पैसे त्या दिवशीच्या भावाने मिळाले आणि हिऱ्यांकडे सराफाने ढुंकूनही पाहिलं नाही.

माजघर
रोखठोक, तुमचं म्हणणं खरं आहे आणि बहिणीची ती वेळ कुणावर येऊ नये. पण ही मुलगी गुंतवणूक विचारत नाहीये, रोज बोटात काय असावं ते विचारतेय.

रोखठोक
मान्य. मग निदान दुकानदाराकडून परत घेण्याची अट लेखी घ्या. आणि बिलात सोन्याचं वजन, हिऱ्याचं वजन आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. 'अंगठी एक नग' असं बिल घेऊ नका.

तापीकाठ
मी मूळचा नंदुरबारचा, वाढलो सुरतेत. वडिलांनी २२ वर्षं घंटीवर काढली. घंटी म्हणजे बिडाची गोल चकती, तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी लावायची आणि तिच्याभोवती बसून हिरा घासायचा. हिरा हिऱ्यानेच घासला जातो. जगातल्या हिऱ्यांपैकी नगांवर मोजले तर दहातले नऊ सुरतेत पैलू पाडून निघतात, त्यामुळे निशिगंधताई, तुमचे दोन्ही हिरे आमच्याच गल्लीतून गेले असण्याचा संभव मोठा.

राउंड महाग का, तर कच्चा खडा पाहून समजतं. चांगला रफ हा तळाशी तळ लावलेल्या दोन पिरॅमिडसारखा असतो. त्यातून गोल काढायचा म्हणजे कोपरे भुकटीत जाणार. रफच्या निम्म्याहून जास्त वजन राउंडमध्ये वाया जातं. लांबट, चपट्या रफमधून एमराल्ड काढला तर वजन जास्त वाचतं. शिवाय राउंडला मागणी कायम. म्हणून त्याच पैशांत तुम्हाला १० सेंट जास्त मिळतायत.

पण एक गोष्ट. वडील म्हणायचे, राउंड चुका पोटात घालतो, चौकी (एमराल्डसारखा चौकोनी कट) चुका उघड्यावर मांडते. राउंडच्या चमचमीत बारीक काळा ठिपका हरवून जातो. एमराल्डचा वरचा सपाट भाग मोठा, म्हणजे उघडी खिडकीच. तिथे ठिपका असला तर तो पायऱ्यांच्या आरशांत दोन-चार वेळा दिसतो. म्हणून एमराल्डला स्वच्छ रफ लागतो. तुम्हाला व्हीएस१ दाखवलाय ते बरोबर केलंय. त्यात एसआय घेऊ नका. रंगही एमराल्डमध्ये लवकर दिसतो, एचची किंचित पिवळी झाक पांढऱ्या सोन्यात जाणवेल, पिवळ्या सोन्यात नाही जाणवणार.

निशिगंध
तापीकाठ, हे सोन्यासारखं लिहिलंत. वडिलांना माझा नमस्कार सांगा. 'राउंड चुका पोटात घालतो' हे होणाऱ्या नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे माझ्यासारखाच."

खडीसाखर
हा मुलगा हातचा सोडू नका. अंगठी कुठलीही घ्या.

गुजरीवाला
आमची कोल्हापुरात गुजरीत तिसरी पिढी, काम जडावाचं. हिरा आमच्याकडे घडून येतो, आम्ही तो बसवतो. म्हणून बसवणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

लोकांचा एक समज अजून पक्का आहे: ऐरणीवर ठेवून घण घातला तरी फुटत नाही तो खरा हिरा. कृपा करून कुणी करून बघू नका. हिरा कठीण आहे म्हणजे त्याच्यावर ओरखडा उठत नाही. पण त्याला चार ठरलेल्या दिशा असतात, त्या दिशेने घाव बसला की तो लाकडाच्या ढलपीसारखा उलतो. मी शिकाऊ होतो तेव्हा एका प्रिन्सेस कटच्या चौकोनी हिऱ्याचा कोपरा प्रॉन्ग, म्हणजे हिरा धरून ठेवणारी सोन्याची नखं, दाबताना माझ्याच हातून उडाला. 'टक' असा बारीक आवाज आला, बस. वडिलांनी काही न बोलता गिऱ्हाइकाला दुसरा हिरा दिला, आणि मला सहा महिने फक्त चांदीची कामं. तो आवाज अजून कानात आहे.

एमराल्डचे कोपरे छाटलेले असल्याने ती भीती खूप कमी. राउंडला तर कोपराच नाही, सगळ्यात निर्धास्त. दोन्हींत फक्त एक बघायचं. हिऱ्याची कड, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतात ती रेघ, फार पातळ नको. दाखल्यावर गर्डलपुढे 'व्हेरी थिन' लिहिलं असेल तर घेऊ नका.

ताई ग्लोव्हज घालणार, तर उंच प्रॉन्गवर ठेवलेला हिरा नकोच. प्रॉन्ग अडकून ग्लोव्ह फाटेल, आणि रोज ओढाताण होऊन एक दिवस प्रॉन्ग उघडेल. हिरा बसका ठेवा आणि कडेने सोन्याची पट्टी वळवून घ्या, आपल्या जुन्या कोंदणाच्या धर्तीवर. सोनं १८ कॅरट घ्या, २२ मऊ पडतं. आणि गोंधळ नको म्हणून सांगतो, सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन, २०० मिलिग्रॅम. १८ कॅरटवर ७५० चा शिक्का आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, बघून घ्या.

परदेशी_पाहुणी
एडिसन, न्यू जर्सी. माझ्या बोटात एमराल्ड कट आहे, ११ वर्षं. निशिगंधने नेमका हाच अनुभव मागितलाय म्हणून लिहिते.

पहिली दोन वर्षं मला वाटायचं चूक झाली. मैत्रिणींचे राउंड रेस्टॉरंटच्या दिव्यात नुसते पेटायचे आणि माझा गप्प. मग कळलं की माझा हिरा मळलेला होता! हिऱ्याला तेलकटपणा फार पटकन धरतो. राउंडमध्ये तेलाचा थर बसला तरी थोडीफार चमचम राहते, एमराल्डची मोठी खिडकी मात्र लगेच धुरकट होते. मी अंगठी न काढता कणीक मळायचे. एकदा उलटी करून पाहिली तर हिऱ्याच्या पोटाखाली कणकेचा वाळलेला खपला बसला होता, नखाने निघेना.

आता दर रविवारी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, दहा मिनिटं बुडवून ठेवायची, लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने खालून घासायची. सिंकमध्ये नाही, वाटीत. सकाळी खिडकीशी चहा पिताना कपाचा कान धरलेला असतो आणि त्या पट्ट्या एकेक करून उजळतात, विझतात. दिव्यांत राउंड जिंकतो, दिवसाच्या उजेडात माझा. आणि मी दिवसा जास्त जागी असते.

माजघर
"मी दिवसा जास्त जागी असते." किती छान लिहिलंयस गं.

अक्षयपात्र
लॅबमधला हिरा का घेत नाही? तोही कार्बनच, तीच कठिणता, आणि त्याच पैशांत दुप्पट-तिप्पट मोठा येईल.

रोखठोक
आणि त्याची परत किंमत?

अक्षयपात्र
तुम्हीच वर म्हणालात ना खाणीतल्याचीही येत नाही म्हणून.

तापीकाठ
दोघांचंही बरोबर. लॅबमधल्याला पैलू त्याच घंटीवर पडतात, कटचे नियम तेच. ताईंनी खाणीतले निवडलेत, तो त्यांचा निर्णय. धागा कटवर राहू द्या.

समईची_वात
धाग्याला थोडा फाटा फोडते. माझ्याकडे आजेसासूबाईंच्या सात हिऱ्यांच्या कुड्या आहेत. हिरे खालून सपाट, वरून कळीसारखे, बारीक त्रिकोणी पैलूंचे. एका दुकानात म्हणाले, "जुना माल आहे, यात आग नाही, राउंड बसवून देतो, हे वजनावर घेतो." मी परत आणल्या. पण खरंच, ट्यूबलाइटमध्ये त्या मंदच दिसतात. काय करावं?

गुजरीवाला
ताई, मोडू नका. त्याला रोझ कट म्हणतात. हे कट दिवट्यांच्या, समयांच्या उजेडात बघायचे. तुमचं नावच समईची वात आहे, एकदा देवघरात समई लावून कुड्या घालून आरशात बघा. आणि मागचं कोंदण मळलं असेल तर फक्त जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या, पाण्यात बुडवू नका, बंद कोंदणात पाणी शिरलं तर हिरा काळवंडलेला दिसतो.

ध्रुवपद
जुन्या कटवरून आठवलं. एमराल्ड कटचा आपल्या मातीशी एक जुना, दुखरा धागा आहे. त्र्यंबकेश्वरचा जो 'नासक' हिरा, तो १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या हाती पडला. आपल्याकडे होता तेव्हा वजन ९० कॅरटच्या आसपास. इथल्या कारागिरांनी वजन राखून पैलू पाडले होते. लंडनला गेल्यावर झळाळी वाढवण्यासाठी पुन्हा कापला, ७८ च्या वर राहिला. पुढे १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने तो पुन्हा कापून घेतला, आणि आता तो ४३.३८ कॅरटचा एमराल्ड कट आहे. कोहिनूरचंही तेच, १८५२ मध्ये १८६ वरून १०५.६ वर. आपल्याकडे हिऱ्याचं मोल वस्तुमानात होतं, तिकडे प्रकाशात.

समईची_वात
महादेवाचा हिरा निम्म्याहून कमी उरला. वाचून कसंतरी झालं. माझ्या कुड्या आता कुणी कापणार नाही.

परदेशी_पाहुणी
निशिगंध, एक राहिलं. राउंडच्या जीआयए दाखल्यावर कटची श्रेणी असते, २००६ पासून. एमराल्डच्या दाखल्यावर 'एक्सलंट' दिसेल ते पॉलिशचं आणि सिमेट्रीचं असतं, कटचं नाही. मला विकणाऱ्याने ते कटचं म्हणूनच सांगितलं होतं. त्यामुळे एमराल्ड कागदावर नाही, डोळ्यांनीच घ्यायचा.

तापीकाठ
अगदी. ताई, तुमच्या एमराल्डच्या दाखल्यावर डेप्थ (रुंदीच्या मानाने हिऱ्याची खोली) आणि टेबल (वरच्या सपाट भागाची रुंदी) यांचे टक्के बघून इथे लिहा.

निशिगंध
फोनमध्ये फोटो आहे. डेप्थ ५६, टेबल ७२. माप ६.१ बाय ४.४ मिमी.

तापीकाठ
इथेच पाणी मुरतंय. डेप्थ ६१ ते ६८ च्या दरम्यान आणि टेबल सत्तरीच्या आत असलं की मला बरं वाटतं. हा पसरट कापलाय, म्हणजे वरून मोठा दिसावा म्हणून पोट कमी ठेवलंय. प्रकाश तळातून निसटत असणार. बोटावर ठेवून मधोमध बघा, कातडी दिसते का?

ध्रुवपद
आणि दुकानातल्या दिव्यांखाली बघू नका. तिथे छताला शंभर ठिपके दिवे असतात, त्याखाली काचेचा लोलकही चमकतो. दारापाशी या, सावलीत, आकाशाकडे पाठ करून.

निशिगंध
आठ दिवसांनी येतेय, पण सांगायला खूप आहे.

शनिवारी दवाखान्यातून थेट गेलो. मी माझ्या कामाचे लूप्स बरोबर नेले होते, ज्यातून दातांची बारीक चीर बघते तेच. विक्रेत्याला जरा आश्चर्य वाटलं, पण त्याने स्टूल दाराजवळ आणून दिलं. आधी राउंड. सावलीतही जिवंत, बाजूला एक पांढरा पिसासारखा डाग, तो लूप्सशिवाय अजिबात दिसला नाही. मग एमराल्ड. कडेच्या पायऱ्या सुंदरच, पण मधोमध बोटाच्या कातडीच्या रेषा दिसल्या. पावतीच्या छापील अक्षरांवर धरला तर एक 'र' स्पष्ट वाचता आला. बारवेत पाणीच नव्हतं, थेट तळ दिसत होता. दुकानातल्या दिव्यांत मला हे कळलंच नव्हतं.

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. इतके दिवस त्याच्यात जीव अडकला होता. तेव्हा होणाऱ्या नवऱ्याने, ज्याला राउंड हवा होता त्याने, विक्रेत्याला सांगितलं, "हिला हाच कट हवाय, हा हिरा नको. डेप्थ ६५ च्या आसपास असलेला दाखवा." धागा त्याने पाठ केला होता!

चार दिवसांनी मुंबईहून तीन आले. त्यातला एक ५५ सेंट, रंग एच, व्हीएस१, डेप्थ ६६, टेबल ६४, माप ५.६ बाय ४. पहिल्यापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान. पण दारात नेला आणि पायऱ्या एकामागून एक खाली उतरत गेल्या, शेवटी काळोख, बोट जरा वळवलं की तो काळोखच उजळला. सासूबाईंना हातात दिला. त्या बराच वेळ बोट वळवत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा आत बघायचा हिरा आहे."

पिवळं सोनं, १८ कॅरट, गुजरीवाला काकांनी सांगितलं तसं बसकं, चारी बाजूंनी पट्टी. घडवायला टाकलीय. आधी मेणाचा नमुना बोटात घालून वर ग्लोव्ह चढवून पाहिला. कुठेच अडकला नाही.

गुजरीवाला
उत्तम. ग्लोव्ह काढताना अंगठी धरून काढा, ग्लोव्हबरोबर निघून कचऱ्याच्या डब्यात गेलेल्या अंगठ्या मी ऐकल्या आहेत. आणि पट्टी वर्षातून एकदा दाखवून आणा, कड उचलली गेली तर धागा ओढून कळतं.

खडीसाखर
मी राउंड म्हणाले होते ते मागे घेत नाही. पण साखरपुड्याचा फोटो टाकाच.

रोखठोक
बिल वेगवेगळं लिहून घेतलंत ना?

निशिगंध
घेतलं, रोखठोक. सोनं, हिरा, मजुरी, तीन ओळी. परत घेण्याची अटही मागच्या बाजूला सहीनिशी. आणि आईला आता कळलंय की पाचू नाहीये.

समईची_वात
काल अमावस्या होती, दिवे मालवून फक्त समई लावली आणि कुड्या घातल्या. मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या कानात निखारे फुललेत." गुजरीवाला, कोंदण साफ करायला कोल्हापूरला आणते. पुढच्या आठवड्यात दुकान उघडं आहे का?